लोखंडाचा स्थायी भाव

कोल्हापुरातल्या त्या स्टुडिओतलं सगळं विकून झालं होतं. बागेचं चित्र रंगवलेला पडदा, लहान मुलांना बसवायची कोरीव खुर्ची, एन्लार्जर, छत्र्या, दिवे, एकेक करून सगळं गेलं. मागे राहिला फक्त कॅमेऱ्याचा स्टँड, कारण तो कुणाला उचलतच नव्हता. भंगारवाला दोनदा येऊन किलोचा भाव सांगून गेला होता. मी पुण्याहून पोचलो तेव्हा रिकाम्या खोलीच्या मध्यावर तो एकटा उभा होता, आणि वरच्या काचेतून येणारा उत्तरेचा उजेड त्याच्या खांबावर पडला होता.

जुन्या चित्रांचे आणि तांब्यापितळेच्या वस्तूंचे कॅटलॉगसाठी फोटो काढणं हा माझा धंदा. स्टँड घ्यायचा ठरवून गेलो होतो, त्यामुळे खोट शोधायची तयारी होती. पण त्या दुपारी दोन तास जे केलं त्याला परीक्षा म्हणवत नाही. एखादी कविता आवडली की आपण तिच्या शब्दाशब्दापाशी थांबतो, हा शब्द इथेच का, ही ओळ इथेच का तुटली, असं स्वतःला विचारतो. तसंच मी त्या लोखंडापाशी थांबत गेलो. म्हणून या लेखाला रसग्रहण म्हणतो, आणि तो शब्द जाणून वापरतो.

आधी एकूण रूप. खाली बिडाचा जड पाया, त्याला तीन पाय आणि तीन चाकं. पायातून वर गेलेला नऊ फुटी पोकळ खांब. खांबाला धरून वरखाली सरकणारी एक पेटी आणि त्या पेटीतून आरपार गेलेला आडवा दांडा, ज्याला स्टुडिओवाले आर्म म्हणतात. आर्मच्या एका टोकाला कॅमेरा बसायची थाळी. खांबाच्या कमरेला एक लाकडी तबक, लेन्सची टोपी आणि फडकं ठेवायला. बस, एवढंच. उभी रेघ, आडवी रेघ आणि खाली वजन. कंपनीची पाटी कुठे दिसेना. स्टुडिओच्या मालकांना, म्हणजे काकांना, विचारलं तेव्हा कळलं की पाटी कधी नव्हतीच. परदेशी स्टँडचं कॅटलॉगमधलं चित्र घेऊन त्यांचे वडील उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेले होते, आणि तिथल्या मिस्त्रींनी ते चित्र पाहून हा स्टँड ओतून दिला.

मग तो मला जास्तच कोल्हापूरचा वाटू लागला. चित्र बघून यंत्र उभं करायचं, हे या गावाचं जुनं वेड. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे इथेच स्वतःचा सिनेमा-कॅमेरा बनवायच्या मागे लागले होते. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ज्या गावात कॅमेराच हाताने घडला, तिथे त्याचा स्टँडही घडावा यात नवल नाही.

आता खालून वर वाचत जाऊ, कारण स्टँड तसाच वाचायचा असतो.

पाया बिडाचा आहे, आणि हे बीड निव्वळ स्वस्त म्हणून आलेलं नाही. बिडाच्या तव्यावर पळी आपटली तर ‘ठक्’ असा मुका आवाज येतो. पोलादी पट्टी मात्र कितीतरी वेळ झणझणत राहते. बिडाच्या पोटात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात आणि ते कंप गिळून टाकतात. लेथ मशीनचा पाट बिडाचा ओततात तोही याच गुणासाठी. रस्त्यावरून ट्रक गेला, शेजारच्या खोलीत कुणी दार आपटलं, तर ती थरथर जमिनीतून वर येते. ती कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याआधी कुणीतरी पोटात घ्यायला हवी. ते काम पाया करतो, आणि मुकाट्याने करतो.

चाकांपाशी मी गुडघ्यावर बसलो. जुना स्टँड घेताना पहिली फसगत इथे होते. वर्षानुवर्षं एकाच जागी वजन पेलून चाकाचा रबर चपटा होतो, आणि मग स्टँड ढकलला की गचके खात चालतो. या तीनपैकी एक चाक तसं झालं होतं. दुसऱ्याच्या आसात केस आणि शिवणाचा दोरा गुंडाळून बसला होता. स्टुडिओत नटूनथटून आलेल्या माणसांच्या पदरांचे, झालरींचे ते धागे असावेत. मी ते चिमट्याने ओढून काढले आणि चाक गर्रकन फिरलं. चाकांच्या शेजारी तीन स्क्रू आहेत, खाली उतरवले की चाकं जमिनीवरून सुटतात आणि स्टँड बसतो. हा ‘बसतो’ शब्द काकांचा. “आधी बसवा त्याला, मग काय ते बघा,” ते म्हणाले. तोवर तो फिरता असतो, बसला की घरातला वडीलधारा होतो.

खांबाला मी ओळंबा लावला. वरच्या टोकापासून सोडलेली दोरी आणि खांब यांच्यातलं अंतर वर, मधे, खाली सारखं हवं. ते सारखं निघालं. वाकलेला खांब सुधारता येत नाही, त्यामुळे इथे माझा जीव भांड्यात पडला.

पण या खांबाचं खरं सौंदर्य डोळ्यांना दिसतच नाही. पेटीचा अटकाव सैल करून मी आर्मला एक बोट लावलं. पेटी, आर्म आणि थाळी मिळून पंचवीस-तीस किलोचं ते लोखंड बोटाच्या जोरावर वर सरकलं, तेही आवाज न करता. खांब पोकळ आहे तो यासाठी. पेटीला बांधलेली पोलादी तार खांबाच्या माथ्यावरच्या पुलीवरून आत वळते, आणि आत तिच्या टोकाला तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा लोंबत असतो. कॅमेरा वर जातो तेव्हा ठोकळा खाली येतो, कॅमेरा खाली येतो तेव्हा तो वर चढतो. कोकणातल्या जुन्या विहिरींवर लांब लाकडाच्या मागच्या टोकाला धोंडा बांधायचे, मग पाण्याने भरलेली घागर वर घेताना हाताला ओझं लागायचं नाही. तीच युक्ती इथे नळीत घालून लपवली आहे.

ही या रचनेतली मला सर्वांत आवडलेली जागा. वजन कमी करून हलकेपणा आणणं कुणालाही सुचेल. इथे वजनासमोर तेवढंच वजन ठेवून हलकेपणा आणला आहे. मराठीत आपण याला तोल म्हणतो, आणि तो शब्द किती ठिकाणी वापरतो पाहा: तोल सांभाळणं, तोल जाणं, तोलून बोलणं, तोलामोलाचं स्थळ. चांगल्या माणसाचं हलकं वागणं आत कुठल्यातरी जडपणावर टेकलेलं असतं, तसं या स्टँडचं आहे. हाताला हलका लागतो, कारण आत कुणीतरी सतत भार धरून उभं आहे.

इथेच धोकाही आहे. तार जुनी झाली की तिचा एकेक पदर तुटतो. ती उघड्या हाताने तपासायची नसते, फडकं गुंडाळून वरून खाली फिरवायचं. जिथे फडकं अडकेल तिथे काटा निघाला असं समजायचं. माझं फडकं तीन ठिकाणी अडकलं. म्हणजे तार बदलायची. शिवाय काकांनी एक गोष्ट तीनदा बजावली. “आधी लॉक, मग कॅमेरा काढायचा. विसरलासा तर आर्म वर उडतोय बघा.” कॅमेरा निघाला की आतला ठोकळा जड पडतो आणि खाली धाव घेतो, आर्म उसळून वर जातो. त्यांच्या हनुवटीखाली एक जुना व्रण आहे. त्याचं कारण मी विचारलं नाही, ते त्यांच्या आवाजातच होतं.

खांबाची उभी रेघ बळाची असेल, तर आर्मची आडवी रेघ सौजन्याची म्हणावी लागेल. तिपाई आणि स्टँड यांच्यातला फरक या आडव्या रेघेत आहे. तिपाईचे पाय नेमके तिथे येतात जिथे वस्तू ठेवायची असते किंवा फोटोग्राफरला उभं राहायचं असतं. आर्म मात्र कॅमेऱ्याला टेबलाच्या वर, पाळण्याच्या वर, जमिनीवर अंथरलेल्या पैठणीच्या बरोबर मध्यावर नेऊन धरतो आणि स्वतः दूर उभा राहतो. या आर्मला खालून दातेरी पट्टी आहे आणि एक चाकी. चाकी फिरवली की आर्म एकेक दाता पुढे जातो. मी पूर्ण पल्ला तीनदा फिरवून पाहिला, कान लावून. मधल्या टप्प्यात दाते जरा झिजले आहेत, तिथे चाकी किंचित सैल लागते. टोकाकडचे दाते कोरे करकरीत. म्हणजे हा आर्म बहुतेक वेळ एकाच अंतरावर राबला. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, खुर्चीपासून पाच-सहा पावलांवर. कोल्हापूरच्या किती लग्नाळू मुलामुलींचे, किती बारशांचे आणि किती पहिलवानांचे फोटो त्या चार इंचांत निघाले असतील!

कॅमेरा दुसऱ्याने धरल्यावर फोटोग्राफरचे डोळे मोकळे होतात, हे मला फार उशिरा उमगलं. रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातले खाणकामगार, भटके, खाटीकखान्यातली माणसं यांचे फोटो काढले. कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा, लाकडी, तिपाईवर रोवलेला. आणि ते स्वतः कॅमेऱ्याच्या मागे न राहता लेन्सच्या बाजूला उभे राहत, समोरच्या माणसाच्या नजरेला नजर देऊन. त्या चित्रांमधल्या माणसांकडे पाहताना ती आपल्याला थेट भेटतात असं वाटतं. त्याचं एक कारण मला तरी हेच दिसतं की फोटो काढणाऱ्याचं तोंड यंत्रामागे झाकलेलं नव्हतं. यंत्राचा भार उचलायला कुणीतरी होतं, म्हणून माणूस माणसासमोर उभा राहू शकला.

आता अटकाव, म्हणजे लॉक. या स्टँडला चार आहेत: खांब फिरायचा, पेटीचा, आर्मचा आणि थाळीचा. जुन्या स्टँडच्या लॉकचे आटे गेलेले असतात, कारण माणूस घाबरून लॉक नको तितका आवळतो. पण आटे शाबूत असले तरी खरी परीक्षा वेगळीच असते. लॉक आवळताना कॅमेरा किती सरकतो? मी एक लेझर टॉर्च थाळीवर चिकटपट्टीने बांधला आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडला. माझ्या १०० मि.मी.च्या लेन्सला, ४ मायक्रॉनच्या पिक्सेलला, कॅमेरा एका अंशाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा कलला तरी चित्र एक पिक्सेल सरकतं. भिंतीवर ते अंतर ०.२ मि.मी. भरतं, म्हणजे पेन्सिलीच्या बारीक रेघेपेक्षाही कमी. मी पेटीचा लॉक आवळला. ठिपका हलला नाही. आर्मचा आवळला, ठिपका जरासा खाली उतरून थांबला. थाळीचा आवळला, नाही हलला. मग खांबावर मुठीने थाप मारली. ठिपका थरथरला, आणि मी मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत निमाला. हलक्या तिपाईवर तोच ठिपका किती वेळ नाचत बसतो, ते मी रोज बघतो.

एवढ्या स्थिरतेची गरज काय, असं विचारणारे मित्र आहेत. प्रकाश भरपूर असेल आणि शटर क्षणात मिटत असेल तर गरज नाहीच. पण काही चित्रं काळ मागून घेतात. फोटोग्राफर एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेली ढोबळी मिरची पाहा. तिच्या वळणावळणावरून घसरणारा प्रकाश फिल्मवर उतरायला काही मिनिटं लागली होती. तेवढा वेळ ना मिरची हलली, ना कॅमेरा. फिल्मच्या जमान्यात जाहिरातीचे फोटो काढणारे खोली अंधारी करून एकाच फिल्मवर आठ-आठ, दहा-दहा वेळा फ्लॅश मारायचे. मधे कॅमेरा केसभर सरकला तर दागिन्याला दोन कडा दिसायच्या. आणि मी जुनं तैलचित्र उतरवून घेतो तेव्हा चित्राच्या सपाटीवर आरसा टेकवतो. कॅमेऱ्यातून पाहताना त्या आरशात लेन्सचा मध्य बरोबर मध्यावर दिसला, की कॅमेरा आणि चित्र समांतर झाले. ही जुळणी करायला अर्धा तास जातो. ती मोडायला एक धक्का पुरतो.

आणि आपल्या मराठी मुलखातलं याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके यांचा वाटाणा. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून थोड्या थोड्या चौकटी टिपल्या. पडद्यावर बी फुटलं, कोंब वर आला, वेल चढला, सगळं मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ती फिल्म ओळखली जाते, आणि ती पाहून त्यांना पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळालं. त्या मिनिटभरात आपण सगळे अंकुराकडे बघतो. पण वाढ दिसते ती समोर एक न वाढणारी, न हलणारी वस्तू ठाण मांडून बसली होती म्हणून. कुंडी आणि कॅमेरा यांच्यातलं अंतर रोज बदलत गेलं असतं, तर वेल वाढताना दिसला नसता, नुसता उड्या मारताना दिसला असता.

आपल्या रसशास्त्रात स्थायी भाव आणि संचारी भाव असे दोन भाग आहेत. संचारी येतात आणि जातात: शंका, गर्व, चिंता, हर्ष. स्थायी तळाशी राहतो, आणि त्याच्याच आधाराने रस निष्पन्न होतो. त्या रिकाम्या खोलीत मला हे शब्द आठवले. या थाळीवर आधी काचेच्या प्लेटचा लाकडी कॅमेरा बसला, मग १२० रोलचा, मग डिजिटल. समोर नवऱ्यामुली बसल्या, पोरं रडली, म्हातारे ताठ झाले. ते सगळं संचारी. स्टँड तेवढा स्थायी.

दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. पाया एवढा पसरट आहे की आर्म खांबाजवळ घेतला तर कॅमेरा गुडघ्याच्या खाली उतरत नाही, पायावरच अडतो. फरशीच्या सांध्यावरून चाक गेलं की सगळी पूजा मांडल्यासारखी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. नऊ फुटी खांब आजकालच्या फ्लॅटमध्ये उभा करायचा म्हणजे छत मोजून जावं लागतं, आणि लिफ्टमध्ये तो मावायचा प्रश्नच नाही. आर्मचा लॉक ठिपका खाली ओढतो, ते मी आधीच सांगितलं. पण हे दोष पाहताना माझ्या लक्षात आलं की काकांनी प्रत्येकाशी जुळवून घेतलं होतं. आर्मच्या लॉकच्या मुठीवर नेलपॉलिशची लाल खूण होती. “तिथपर्यंतच आवळायचं,” ते म्हणाले, “म्हणजे हलत नाही बघा.” मी पुन्हा ठिपका पाडला, खुणेपर्यंतच आवळलं. ठिपका जागचा हलला नाही.

वापरलेली वस्तू घेण्यातलं सुख मला या खुणेत सापडलं. नव्या स्टँडबरोबर छापील माहितीपुस्तिका मिळते. इथे पुस्तिका लोखंडावरच लिहिलेली होती. पेटीच्या मुठीवरचा काळा रंग उडून लोखंड चांदीसारखं चकाकत होतं, तेही फक्त डाव्या बाजूला. त्यांचे वडील डावरे होते. खांबावर खडूने आणि नंतर रंगाने आखलेल्या तीन आडव्या रेघा होत्या. खालची मुलांसाठी, मधली बसलेल्या माणसासाठी, वरची उभ्या जोडप्यासाठी. चाळीस वर्षं रोज मोजून घेतलेली गिऱ्हाइकांची उंची त्या तीन रेघांत होती.

भावाची घासाघीस झाली नाही. भंगारवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या तिप्पट मी पुढे केली. काकांनी त्यातली थोडी परत दिली, “टेम्पोला लागतील” म्हणून. न्यायच्या आधी आर्म पूर्ण वर चढवला, म्हणजे आतला ठोकळा तळाला जाऊन टेकतो. मग दोन्हीकडून बांधून चार हमालांनी तो आडवा केला. सगळं चढवून झाल्यावर काका आतून एक गोणपाटाची पिशवी ओढत घेऊन आले. आत किलो-किलोच्या लोखंडी चकत्या होत्या, मधोमध भोक असलेल्या.

“हे पण घेऊन जावा. त्याच्याच आहेत.”

मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी समजावलं. खांबाच्या तळाशी एक झाकण आहे. ते उघडलं की ठोकळ्यावर या चकत्या चढवता-उतरवता येतात. वडिलांचा लाकडी कॅमेरा होता तेव्हा सगळ्या आत होत्या. १२० चा आला तेव्हा चार काढल्या. डिजिटल आला तेव्हा आणखी दोन. कॅमेरा हलका होत गेला आणि पिशवी जड होत गेली. प्रत्येक चकतीवर पंचने साल ठोकलेलं होतं, ज्या वर्षी ती बाहेर आली ते.

पुण्यात तार बदलून, चाकं बदलून स्टँड उभा केला आणि माझा कॅमेरा, लेन्स आणि दातेरी हेड थाळीवर बसवलं. लॉक सैल केला तर आर्म सावकाश खाली उतरू लागला. माझं सामान काकांच्या शेवटच्या कॅमेऱ्यापेक्षा दोन किलोने जड होतं. लॉक लावून झाकण उघडलं आणि पिशवीतून सर्वांत अलीकडच्या सालाच्या दोन चकत्या काढून आत चढवल्या. पुन्हा लॉक सोडला. आर्म वर नेला आणि हात काढला, तिथेच थांबला. खाली आणला आणि हात काढला, तिथेही थांबला. अगदी मधल्या रेघेपाशी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नेऊन सोडला. थांबला.

समोरची खुर्ची रिकामी होती. मी कोल्हापूरला फोन लावला आणि काकांना विचारलं, फोटो काढून घ्यायला पुण्याला कधी येता?